८४ कॅसेटी, दशावतार आणि हार्डडिस्कमधली जागा : कामाच्या नोंदी

८ जून २०२४

पाऊस लागलाय, दशावतारी नाटक कंपन्यांचे खेळ बंद झालेत, म्हणजे आता दिवाळीपर्यंत कलाकार मंडळी घरी आणि काही विचारायचं तर सापडतील, म्हणून जुन्या कॅसेटींवरचे खेळ कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडी काढायचं काम आत्ताच काढलं. पत्र्याची पेटी घरी आणली, आत मिनी डीव्ही कॅसेटी, मोजल्या तर ८४. सगळ्या २००३ ते २००९ मधल्या, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला भागातल्या जत्रांमधले दशावतारी खेळ. ज्या काकांनी हे शूट केलंय ते लग्नाची शूटिंगं करायचे आणि जत्रेच्या दिवसांत स्वतःच्या हौसेने देवळासमोर ट्रायपॉड लावून रात्रभर उभे राहायचे. ते आता नाहीत. त्यांच्या मुलाने पेटी दिली, म्हणाला काय करायचं ते करा पण टाकू नका.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. आख्यान ठरतं, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्टी म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष कोण ते ठरतं, रंगपटात तोंडाला रंग लावता लावता थोडी चर्चा होते आणि मग माणूस थेट जाऊन बोलायला लागतो, समोरच्याने जे टाकलं त्याला तिथल्या तिथे उत्तर. म्हणजे २००५ मधल्या एका रात्री जे बोलणं झालं ते कुठल्याच वहीत नाही, या पट्टीवरच आहे. त्या वेळी शूटिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरला ४० नाहीतर ८० जीबीची हार्डडिस्क असायची, एखादा खेळ घेतला की फुल, मग सीडी काढून झाली की डिस्कवरचं पुसायचं आणि कॅसेटही पुढच्या लग्नाला परत वापरायची. किती खेळ असे गेले असतील. या काकांनी कॅसेटी परत वापरल्या नाहीत हे फार मोठं काम केलंय त्यांनी.

आता हिशोब. मिनी डीव्हीचं बरं असतं की अंदाज लावावा लागत नाही. आपल्याकडच्या पाल डीव्हीत (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) एक फ्रेम म्हणजे बरोबर १,४४,००० बाइट, चित्र, आवाज, टाइमकोड सगळं धरून. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला १२.९६ जीबी. समोर काळोख असो की युद्धनृत्य, आकडा तोच. ८४ कॅसेटी गुणिले एक तास म्हणजे १,०८९ जीबीच्या आसपास. एक टीबीची डिस्क घेऊन भागणार नाही हे इथेच कळलं. तशीही एक टीबीची डिस्क कॉम्प्युटरला लावली की ९३१ दिसते, बनवणारा हजाराने भागतो आणि विंडोज १०२४ ने, जागा तेवढीच असते पण आकडा बघून माणूस घाबरतो.

११ जून

जागा किती घ्यायची यावर भाच्याशी फोनवर बरंच बोललो. तो म्हणाला मामा, शेवटी डीव्हीडीच काढायच्या ना, मग डीव्हीडी ४.७ जीबीची, खेळाला तीन डीव्हीड्या धरल्या तरी १४ जीबी, ८४ कॅसेटी म्हणजे १६-१७ खेळ, अडीचशे जीबीत सगळं बसेल.

पण तयार डीव्हीडीवर जे बसतं आणि ते तयार करताना जे लागतं यात खूप अंतर आहे. एक खेळ घेतला, पाच कॅसेटी, पाच तास. कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली मूळ फाइल, ६५ जीबी. त्यातून कापून जोडून तयार केलेला मास्टर, काढण्यासारखं फार नसतं त्यामुळे तोही ६५ च धरायचा. मग डीव्हीडीसाठी एमपेग-२ मध्ये दाबून लहान केलेल्या फायली, तीन डिस्कच्या मिळून १३. मेनू वगैरे लावून तयार झालेले डीव्हीडीचे फोल्डर, परत १३. आणि बर्न करायच्या आधीची आयएसओ इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, आणखी १३. बेरीज १६९ जीबी, एका खेळाला. हातात पडणार १३ जीबी.

यातलं फोल्डर आणि एमपेग फाइल डिस्क तपासून झाल्यावर उडवता येतात. आयएसओ ठेवायच्या, म्हणजे वर्षभराने कोणी डीव्हीडी मागितली तर दहा मिनिटांत निघते. आणि मूळ कॅप्चर कधीच उडवायचं नाही, जागा कितीही कमी पडली तरी. भाच्याला हे एवढंच सांगितलं, तो म्हणाला मग चार टीबीच्या दोन घ्या. माझंही तेच ठरत होतं. एक कामाची आणि एक तिची कॉपी. कॉम्प्युटरमधली २५६ जीबीची एसएसडी फक्त सिस्टिम आणि सॉफ्टवेअरसाठी, तिच्यावर व्हिडिओ ठेवायचा नाही.

स्पीडची काळजी करायचं मात्र कारण नाही. दुकानदार सांगत होता की व्हिडिओ म्हणजे एसएसडीच लागेल, त्यातली वेगवान एनव्हीएमई घ्या. डीव्ही सेकंदाला ३.६ एमबी मागतं आणि साधी फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला शंभरच्या वर देते. पैसे जागेवर घालायचे, वेगावर नाही. फोरके शूट करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना हे लागू नाही.

१६ जून

डिस्क आल्या. चार टीबीच्या, कॉम्प्युटरमध्ये ३.६३ दिसतात. फॉरमॅट करताना एक गोष्ट बघायची म्हणजे फॅट३२ ठेवायचं नाही. फॅट३२ मध्ये एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही, आणि डीव्हीच्या मापात चार जीबी म्हणजे वीस मिनिटांना काही सेकंद कमी. तासाभराच्या कॅसेटचे चार तुकडे होणार, किंवा सॉफ्टवेअर मध्येच थांबणार. कामाची डिस्क एक्सटी४ केली कारण कॅप्चर लिनक्सवर करणार आहे, कॉपीची डिस्क एक्सफॅट केली म्हणजे उद्या ती कोणीही, विंडोजवाला मॅकवाला, लावून वाचू शकेल.

बाहेरून यूएसबीने लावलेल्या डिस्कचं पॉवर सेव्हिंग बंद करून ठेवलं. डिस्क झोपली आणि परत जागी होईपर्यंत कॅसेट काही थांबत नाही, फ्रेम गळतात.

२० जून

फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर डीव्ही घ्यायची जोडणी. कॅमेऱ्यावर लहान चार पिनचं सॉकेट, त्याला कोणी आयलिंक म्हणतं कोणी डीव्ही आउट. कॅमेऱ्याला यूएसबीचंही सॉकेट आहे पण त्यातून फोटो नाहीतर हलक्या प्रतीचा व्हिडिओ येतो, पट्टीवरचा डेटा जसाच्या तसा फायरवायरमधूनच. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड आणि चार ते सहा पिनची वायर कुडाळात मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. विंडोज १० वर बऱ्याचदा त्यासाठी जुना लेगसी ड्रायव्हर घालावा लागतो, लिनक्सवर कार्ड लावलं आणि ओळखलं. डीव्हीग्रॅब नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फॉरमॅट रॉ ठेवायचा आणि साईज शून्य, नाहीतर ते आपणहून एकेक जीबीला फाइल तोडतं.

कॅप्चर म्हणजे खरं तर कॉपी आहे. कॅमेऱ्याने १८ वर्षांपूर्वी जे आकडे पट्टीवर लिहिले तेच आकडे फाइलमध्ये येतात, मध्ये कुठे चित्र परत बनत नाही. व्हीएचएस घेताना जसा दर कॉपीला रंग उडतो तसं इथे होत नाही. पण कॅसेट फिरते तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही, तासाला तास.

तपासायची एक सोपी युक्ती सापडली. फाइलच्या बाइट भागिले १,४४,००० केलं की फ्रेमची संख्या येते, ती पूर्णांकात यायला हवी, आणि पूर्ण तासाची कॅसेट असेल तर ९०,००० च्या जवळ. दर कॅसेटनंतर वहीत हा आकडा लिहितोय. कमी वाटला तर कॅसेट परत लावायची. डीव्हीरेस्क्यू म्हणून एक टूल आहे ते आणखी खोलात जाऊन कुठल्या फ्रेममध्ये डाग आहे ते सांगतं, आणि एकच कॅसेट दोन-तीनदा घेतली असेल तर प्रत्येक वेळचा चांगला भाग निवडून एक फाइल बनवतं.

२ जुलै

पावसाने घात केलाय काही कॅसेटींचा. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून बघितलं की पट्टीच्या कडेला पांढरी पूड, म्हणजे बुरशी. तसली कॅसेट कॅमेऱ्यात घालायचीच नाही, हेडवर बसते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. अशा सात कॅसेटी बाजूला काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवल्यात, आधी सुकू देत. बाकीच्यांना लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवतोय, वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेली पट्टी सैल होते आणि ताण सारखा होतो. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंदांच्या वर चालवायची नाही, ती हेड घासते.

लाईटचं तर विचारू नका, कोकणातला जुलै. कॉम्प्युटर आणि हार्डडिस्क यूपीएसवर आहेत, कॅमेरा त्याच्या बॅटरीवर. लाईट गेली तर निदान चालू असलेली कॅसेट पूर्ण होते एवढा बॅकअप पाहिजे, अर्धवट लिहिली जाणारी फाइल आणि फाइल सिस्टिम दोन्ही बिघडायला एक झटका पुरतो.

काही कॅसेटी एलपी म्हणजे लाँग प्ले मोडमध्ये घेतल्यात, तासाच्या पट्टीवर दीड तास. काकांनी कॅसेट वाचवायला केलं असणार, पहाटे दुकान कुठे उघडं असणार. डेटा तोच असतो, म्हणजे दीड तासाला १९.४ जीबी, पण पट्टीवरच्या रेघा बारीक असतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात त्या नीट वाचल्या जात नाहीत. नशीब म्हणजे काकांचा मूळ कॅमेरा त्यांच्या मुलाने जपलाय, एलपीवाल्या सगळ्या त्यातच घेतोय, चित्रात चौकोन फुटत नाहीयेत. जागेच्या हिशोबात अशा कॅसेटींमुळे शंभरेक जीबी वाढले.

७ जुलै

ही नोंद सविस्तर लिहितोय कारण आज जे कळलं त्याने फार आनंद झाला.

बऱ्याच कॅसेटींवर नाव नाही. काहींवर नुसतं जत्रा, काहींवर पुसट पेन्सिल. पण डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ लपलेली असते, स्क्रीनवर दिसत नाही पण डेटात असते. ती काढून बघितली. एका खेळाच्या पहिल्या कॅसेटवर १५ नोव्हेंबर २००५, रात्रीचे साडेअकरा, पुढच्या कॅसेटी १६ तारखेच्या. कालनिर्णयाची जुनी कॅलेंडरं आईने ठेवलीत, काढून बघितलं तर १५ नोव्हेंबर २००५ ला त्रिपुरारी पौर्णिमा. आपल्याकडच्या जत्रा तिथीवर ठरलेल्या, त्रिपुरारीला कुठल्या कुठल्या देवळात जत्रा असते हे गावातली म्हातारी माणसं बोटावर मोजून सांगतात, मग चित्रातला मंडप आणि मागची दीपमाळ बघून देऊळ ओळखलं. तिथून कंपनी, तिथून कलाकार.

एमपी४ करून मूळ फाइल उडवली असती तर ही तारीख गेली असती. डीव्हीडीवरही ती जात नाही. मूळ कॅप्चर ठेवायला तासाला तेरा जीबी का घालवायचे असं जो विचारेल त्याला मी हे उदाहरण देणार.

दोन कॅसेटींवर १ जानेवारी २००० आलंय, म्हणजे कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ तेव्हा बंद पडलेलं. त्यांचं नाव कलाकारांना दाखवून ठरवू.

फायलींची नावं अशी ठेवतोय, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग कॅसेटचा नंबर. आख्यानाचं नाव फाइलच्या नावात नाही, वेगळ्या यादीत, कारण आख्यान कधी कधी उलगडा झाल्यावर बदलतं.

१९ जुलै

तात्या आले होते. पूर्वी स्त्रीपार्टी करायचे, आता सत्तरीच्या पुढे. कॅप्चर झालेला २००४ चा खेळ लावला, उषा-अनिरुद्धाचं आख्यान. स्क्रीनवर उषा आली, बोलायला लागली आणि तात्या पुढे सरकून बसले. म्हणाले, "अरे, हो माझो आवाज. किती वर्सांनी आयकलंय." मग जवळजवळ तासभर बोलले नाहीत, बघत राहिले. समोरचा राजा कोण होता, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, सगळी नावं त्यांनी नंतर सांगितली, लिहून घेतली.

एडिटिंगचा प्रश्न तिथेच सुटला. मी विचारलं तात्यानू, मध्ये मध्ये नुसती पेटी वाजत असते, कलाकार यायला वेळ लागतो, ते कमी करू का, डीव्हीडी कमी लागतील. ते म्हणाले नको, पेटीवाला त्या वेळात पुढच्या पदाची पट्टी देत असतो, ती ऐकून आतला माणूस तयार होतो, ते काढलंस तर खेळ कळणार नाही. सुरुवातीचा आडदशावतारही तसाच ठेवायचा, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्राह्मण आणि संकासुर, पूर्ण. खूप जण डीव्हीडी काढताना तेवढा भाग उडवून थेट आख्यानापासून सुरू करतात, मला ते पटत नाही. देवळासमोर बसलेल्या माणसाने तो भाग बघितलाय ना, मग डिस्क बघणाऱ्यानेही बघावा.

म्हणजे कापायचं एवढंच, कॅसेट बदलताना दोनदा आलेलं, चुकून चालू राहिलेला कॅमेरा, आणि जमिनीचं शूटिंग. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, शेजारच्या फ्रेमवर अवलंबून नसते, त्यामुळे हवी तिथे कापता येते आणि दोन फायली एकामागे एक जोडल्या की झालं, परत एन्कोड करायची गरज नाही, क्वालिटी एका बिंदूनेही कमी होत नाही. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला कॉपी सांगायचं. पाच तासांचा मास्टर काही मिनिटांत होतो, वेळ जातो तो फक्त डिस्कवर लिहिण्यात.

२८ जुलै

रात्रीच्या शूटिंगमध्ये दाणे फार. २००३-०४ च्या खेळांना उजेड म्हणजे दोन हॅलोजन आणि ट्यूबलाइट. एका खेळावर नॉइज कमी करून बघितला, आणि इथे जागेचा दुसरा प्रकार समोर आला. फिल्टर लावला की चित्र नवीन बनतं, ते परत डीव्हीत ठेवलं तर परत दाबलं जातं, म्हणून मधली फाइल लॉसलेस, म्हणजे काहीच न गमावणारी, हवी. दाबल्याशिवाय पाल चित्र ठेवायचं तर ७२० गुणिले ५७६, फ्रेमला ६,२२,०८० बाइट, तासाला ५६ जीबी. आणि इंटरलेस (एका फ्रेममध्ये एकाआड एक रेघांच्या दोन फील्ड) काढून ५० फ्रेम केले तर डबल, ११२ जीबी. पाच तासांचा खेळ म्हणजे साडेपाचशे. एफएफव्ही१ या लॉसलेस फॉरमॅटमध्ये ठेवलं तर कमी होतं, पण दाणेदार चित्र लॉसलेसमध्ये फार दाबलं जात नाही, दाणे हीच माहिती समजून तो सगळी जपतो.

त्यामुळे ठरवलं की पूर्ण खेळ असा करायचा नाही. वीस-वीस मिनिटांचा तुकडा घ्यायचा, फिल्टर, लगेच एमपेग-२, मधली फाइल उडवायची, पुढचा तुकडा. एका वेळी मोकळी ४० जीबी जागा पुरते. ज्यांच्याकडे डिस्क लहान आहे त्यांनी हाच मार्ग धरावा.

आणि फिल्टर हलकाच ठेवला. जास्त केला की तोंडावरच्या रंगाच्या रेषा पुसट होतात, आणि दशावतारात रंगभूषा कलाकार स्वतः करतो, त्या रेषेवरून जाणकार माणूस ओळखतो की हा कोण.

९ ऑगस्ट

गणपतीला महिना राहिला. ७ सप्टेंबरला चतुर्थी, चाकरमानी त्याआधी दोन-तीन दिवस येतील, पाच खेळांच्या डिस्क तोपर्यंत तयार पाहिजेत कारण मुंबईला राहणाऱ्या कलाकारांच्या मुलांना त्याच वेळी देता येतील.

डीव्हीडी कशाला, आता कोण बघतं असं चार जणांनी विचारलं. इथल्या जुन्या घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर अजून आहे, रिमोट त्यांना पाठ आहे, लिंक पाठवली तर नातवाची वाट बघत बसतील. ज्यांना पेन ड्राइव्ह हवा त्यांना तोही देतोय.

बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती बिट वापरायचे त्याचा, हिशोब. डीव्हीडी-आर वर ४७० कोटी बाइट बसतात, कॉम्प्युटर त्यालाच ४.३८ जीबी म्हणतो. गुणिले आठ केले की ३७.६ अब्ज बिट, मेनू आणि पॅकिंगसाठी थोडी जागा सोडून ३६ अब्ज धरायचे. भागिले सेकंद. पाचही तास एकाच डिस्कवर कोंबले तर ३६ अब्ज भागिले १८,००० म्हणजे २ एमबीपीएस (सेकंदाला २० लाख बिट), त्यातून आवाजाचे गेले की १.८. बाजारात मिळणाऱ्या पाच-सहा तासांच्या डिस्कवर असंच असतं, कलाकार उभा असेपर्यंत ठीक, गिरकी घेतली की नुसते चौकोन. तीन डिस्कवर वाटले तर डिस्कला शंभर मिनिटं, ३६ अब्ज भागिले ६,००० बरोबर ६ एमबीपीएस, आवाज एसी३ मध्ये १९२ केबीपीएस, चित्राला ५.८ उरतात. दोन पासमध्ये एन्कोड केलं की युद्धनृत्याला जास्त आणि उभ्या संवादाला कमी असं आपोआप वाटलं जातं. छान येतंय. तासाभराचाच मजकूर असला तरी ८ च्या वर जात नाही, डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला ९.८ पर्यंत चालतं पण जुने प्लेयर बर्न केलेल्या डिस्कवर तेवढ्यात अडखळतात.

ड्युअल लेयर डिस्क, साडेआठ जीबीची, घेऊन दोनात भागवावं असंही मनात होतं. पण त्या महाग आणि जुन्या प्लेयरमध्ये लेयर बदलताना थांबतात, म्हणून साध्याच घेतल्या. तीन डिस्कचे तुकडे मात्र मिनिटं मोजून केले नाहीत, प्रवेश संपतो तिथे. पहिली ९२ मिनिटांची, दुसरी १०८ ची, असं चालतं, बिटरेट डिस्कप्रमाणे वेगळा काढला.

दोन बारीक गोष्टी लिहून ठेवतो. डीव्ही चित्रात खालची फील्ड आधी असते, एन्कोड करताना तेच सांगायचं, उलट झालं तर हालचाल थरथरते. आणि काही कॅसेटींवर आवाज १२ बिट ३२ किलोहर्ट्झ आहे, बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांत कारखान्यातून तेच सेटिंग यायचं, डीव्हीडीला ४८ लागतो, तो बदलून घ्यायचा.

२४ ऑगस्ट

बर्निंग चालू. डीव्हीडी-आर, ८एक्स ने, लिहून झाली की पूर्ण वाचून तपासायची, मगच पाकिटात. ८एक्स म्हणजे सेकंदाला ११ एमबी, फुल डिस्क दहा मिनिटांच्या आत. कागदाचं स्टिकर चिकटवत नाही, पावसात ते एका बाजूने उचकटतं आणि डिस्क फिरताना डगमगते, सीडी मार्करने आख्यान, गाव, साल आणि किती पैकी कितवी एवढं लिहितो. पाकिटाच्या आत छापील कागद, सगळ्या कलाकारांची नावं, पेटी पखवाज झांज वाजवणाऱ्यांची पण, आणि शूटिंग काकांचं नाव सगळ्यात वर.

मेनूत चॅप्टर प्रवेशाप्रमाणे, आडदशावतार वेगळा, मग आख्यान. डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर वापरलं, मराठी अक्षरं मेनूच्या चित्रातच काढून टाकली, मग कुठलाही प्लेयर दाखवतो.

पेन ड्राइव्हसाठी एमपी४. इंटरलेस काढून ५० फ्रेम, पिक्सेल चौकोनी करून ७६८ गुणिले ५७६, ३ एमबीपीएसला पाच तास म्हणजे पावणेसात जीबी. जुने टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात, तिथे परत ती चार जीबीची भिंत, म्हणून इथेही डिस्कसारखेच तीन भाग.

३० ऑगस्ट

कायमचं कुठे ठेवायचं यावर आज निर्णय. बर्न केलेली डीव्हीडी मी जपणूक मानत नाही, आपल्या हवेत तर नाहीच, आणि तिच्यावर जे आहे ते दाबलेलं आहे. ब्लू-रेचा विचार केला होता, २५ जीबी ऐकून वाटलं एका डिस्कवर दोन कॅसेटी जातील. दोन पूर्ण कॅसेटी होतात २५.९२, डिस्कवर बसतात २५.०२. थोडक्यात जात नाहीत. ५० वाल्यावर तीन जातात, १०० वाल्यावर सात. सगळ्यासाठी १०० च्या बारा-तेरा डिस्क लागतील, त्यांची किंमत आणि बर्नर धरला तर आणखी एक हार्डडिस्क परवडते.

म्हणून मूळ कॅप्चरच्या तीन प्रती. कामाची डिस्क माझ्याकडे, कॉपी इथेच पण दुसऱ्या घरी, आणि तिसरी डिस्क डोंबिवलीला चुलतभावाकडे, गणपतीला आला की त्याच्याबरोबर जाईल. तिसरी वेगळ्या वेळी घेतलेली. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळख-आकडा, काढून यादी तिन्ही डिस्कवर, दर वर्षी पावसाआधी यादीवरून तपासायचं, एखादी फाइल बदललेली निघाली तर दुसरीवरून परत घ्यायची.

क्लाऊडबद्दल भाचा आग्रह करत होता. घरच्या कनेक्शनला अपलोड २० एमबीपीएस आहे, १.१ टीबी चढवायला अखंड पाच दिवस, तेही लाईट आणि नेट दोन्ही राहिलं तर, आणि मग दर महिन्याला भाडं. एमपी४ तेवढे चढवतोय, ते सव्वाशे जीबीत होतात.

१२ सप्टेंबर

पाच खेळांचे सेट गेले. तात्यांना त्यांच्या तिन्ही डिस्क दिल्या. त्यांच्या नातवाने, जो आता स्वतः कंपनीत उभा राहतो, पेन ड्राइव्ह नेला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की आजोबांनी २००४ ला जे उत्तर दिलंय उषेच्या तोंडून, तेवढाच भाग वेगळा मिळेल का, पाठ करायचंय. दहा मिनिटांत कापून पाठवला, मास्टर तयार होता म्हणून.

आता शिल्लक. बुरशीच्या सातपैकी चार कॅसेटी सुकल्यावर स्वच्छ दिसतायत, त्या शेवटी लावणार, वेगळ्या जुन्या कॅमेऱ्यात. २००९ च्या सहा कॅसेटी एचडीव्ही निघाल्या, तीच मिनी डीव्ही कॅसेट पण आत १४४० गुणिले १०८० एमपेग-२. तासाला ११ जीबी, म्हणजे साध्या डीव्हीपेक्षाही थोडी कमीच जागा, पण त्यात फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात, पट्टीवर एक डाग आला तर जवळपास अर्धा सेकंद चित्र अडकतं, आणि कापताना साधी कॉपी चालत नाही. त्यांच्यासाठी एचडीव्ही वाचणारा कॅमेरा लागेल, आमच्याकडचा वाचत नाही. मालवणात एका शूटिंगवाल्याकडे आहे असं कळलंय, अनंत चतुर्दशी झाली की त्याच्याकडे जाऊन येतो. कामाच्या डिस्कवर १.६ टीबी मोकळी आहे, उरलेल्या खेळांचे मास्टर आणि आयएसओ त्यात बसतात, नवीन डिस्क इतक्यात लागणार नाही. पुढचे सेट तुळशीच्या लग्नाआधी, जत्रा सुरू व्हायच्या आत.